वाटीचे ग्रॅम आणि ग्रॅमच्या वाट्या : स्वयंपाकातील मापे वजनात बदलण्याची घरगुती रीत

गेल्या गणपतीच्या आदल्या दिवशी घणसोलीहून भाचीचा फोन आला. "मावशी, तू सांगितलंस तसंच एकास एक घेतलं, तरी पारी करताना फाटतेय." काय काय घेतलेस, असे विचारल्यावर उलगडा झाला. तिने मोदकाच्या पिठीचे ५०० ग्रॅमचे पाकीट पातेल्यात रिकामे केले होते आणि त्याला ५०० मिलिलिटर पाणी घेतले होते. मी 'एकास एक' म्हणाले होते ते वाटीने, आणि तिने ते वजनाने घेतले. माझ्या वाटीत पिठी भरली तर ती ९३ ग्रॅम होते आणि तीच वाटी पाण्याने भरली तर १५० ग्रॅम होतात. म्हणजे ५०० ग्रॅम पिठीच्या पाच वाट्या आणि वर थोडी पिठी होते आणि तिला तितक्याच वाट्या, म्हणजे सुमारे ८०० मिलिलिटर पाणी लागते. तिच्या उकडीत ३०० मिलिलिटर पाणी कमी पडले होते. उकळत्या पाण्याचे हबके देऊन, झाकण ठेवून पुन्हा वाफ आणून ती उकड कशीबशी सावरली. पण चूक तिची नव्हती, कारण कोणत्या मापाने एकास एक, हे मी सांगितलेच नव्हते.

त्यानंतर मी ठाण्यातल्या माझ्या स्वयंपाकघरात रोज लागणारा प्रत्येक जिन्नस वाटीने आणि काट्याने, असा दोन्ही रीतींनी मोजला. त्यातून जी पद्धत हाती आली ती येथे क्रमाने मांडते आहे. तिच्यासाठी लागणारे साहित्य म्हणजे एक वाटी, एक काटा, थोडे पाणी आणि एक मोकळी दुपार.

वाटी कुठे पुरते आणि कुठे कमी पडते

वाटीने मोजणे ही चुकीची रीत आहे, असे माझे म्हणणे नाही. एकाच पदार्थातले सगळे जिन्नस एकाच वाटीने मोजले, तर वाटी लहान आहे की मोठी याने काहीही बिघडत नाही, कारण पदार्थ प्रमाणावर चालतो आणि प्रमाण वाटीबरोबर बदलत नाही. अडचण तीन ठिकाणी येते. एक, कृती एका घरातून दुसऱ्या घरात जाते आणि तिच्यातले काही जिन्नस वाटीने, काही पाकिटाने आणि काही 'पाव किलो' असे लिहिलेले असतात. दोन, चार जणांची कृती चाळीस जणांसाठी करायची असते आणि वाण्याकडे यादी किलोत द्यावी लागते. तीन, कृती परदेशी असते आणि तिच्यातला कप आपल्या वाटीशी मुळीच जुळत नाही. या तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न सोडवायचा असतो, तो म्हणजे आपल्या वाटीत अमुक जिन्नस किती ग्रॅम मावतो.

काटा घेणे आणि तपासणे

घरी एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा आणि पाच किलोपर्यंत तोलणारा साधा डिजिटल काटा पुरतो. त्यावर वजन शून्य करण्याचे बटण असतेच. रिकामे भांडे ठेवून ते बटण दाबले की भांड्याचे वजन वजा होते आणि पुढे फक्त जिन्नसाचे वजन दिसते. काटा ओट्याच्या सपाट भागावर ठेवावा, मिक्सर चालू असताना त्याच ओट्यावर तोलू नये, आणि पंख्याचा झोत थेट त्यावर येत असेल तर पंखा क्षणभर बंद करावा, कारण हलक्या वजनाला तेवढ्यानेही फरक पडतो.

काटा बरोबर आहे का, हे पाहण्यासाठी वेगळी वजने विकत घेण्याची गरज नाही. दहा रुपयांचे दोन धातूंचे नाणे ७.७ ग्रॅमच्या आसपास भरते, म्हणून अशी दहा नाणी एकत्र ठेवली की काट्याने ७७ ग्रॅम दाखवायला हवेत. एखादा ग्रॅम इकडेतिकडे चालतो. चारपाच ग्रॅमचा फरक येत असेल तर आधी सेल बदलून पाहावेत.

या काट्यांची एक मर्यादा मात्र नीट लक्षात ठेवावी. पाच ग्रॅमच्या खालचे वजन ते भरवशाने दाखवत नाहीत, आणि चिमूटचिमूट करून जिन्नस टाकत गेले तर कित्येकदा आकडा जागचा हलतच नाही. म्हणून हळद, सोडा, यीस्ट असे थोडे थोडे लागणारे जिन्नस चमच्यानेच मोजावेत. त्यांचे वजन हवेच असेल तर दहा चमचे एकदम तोलून दहाने भागावे.

आपली वाटी मोजणे

घरातली एकच वाटी मापाची म्हणून ठरवावी, आणि ती शक्यतो सरळ काठाची असावी. बाहेर वळलेल्या काठाच्या वाटीत 'भरली' म्हणजे नेमके कुठपर्यंत, हे ठरत नाही. वाटी कोरडी करून काट्यावर ठेवावी, शून्य करावे आणि काठोकाठ पाणी भरावे. पाणी काठाच्या वर फुगून आले असेल तर ते चमच्याने काढून सपाट करावे. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल तितक्या मिलिलिटरची आपली वाटी, कारण एक मिलिलिटर पाणी एक ग्रॅम भरते. आपल्याकडच्या तापमानाला यात जो फरक पडतो तो स्वयंपाकात मोजण्याजोगा नाही.

माझी वाटी १५० मिलिलिटरची निघाली. आमटीसाठीची वाटी १८० ची निघाली आणि सासूबाईंच्या वेळची पितळी वाटी २१० ची. या तिन्ही वाट्यांना आमच्या घरात कित्येक वर्षे सारखेच 'एक वाटी' म्हटले जात होते.

बाजारात मिळणाऱ्या मापाच्या कपांवर २४० किंवा २५० मिलिलिटर असे छापलेले असते. ते वाचूनच वापरावेत. अमेरिकी कृतीतला कप २४० मिलिलिटरच्या आसपास असतो, ऑस्ट्रेलियातला २५० आणि जपानी कृतीतला २००. विजेवर चालणाऱ्या राइस कुकरसोबत येणारा प्लास्टिकचा पेला या सर्वांहून लहान, म्हणजे १८० मिलिलिटरचा असतो, कारण तो 'गो' या जुन्या जपानी मापावर बेतलेला आहे. कुकरच्या भांड्यावरच्या पाण्याच्या रेषा त्याच पेल्याच्या हिशेबाने आखलेल्या असतात. तो पेला हरवला आणि मोठा कप वापरला की पाणी रेषेपर्यंत घालूनही भात फडफडीत किंवा अर्धकच्चा राहतो, त्याचे कारण हेच.

वाटी भरण्याची रीत

या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत जास्त शिकवले ते या टप्प्याने. एकाच डब्यातली कणीक, एकच वाटी आणि एकच हात असताना मी ती तीन प्रकारे भरली. कणीक चाळून चमच्याने हलकेच वाटीत सोडली आणि सुरीच्या पाठीने सपाट केली, तेव्हा ७२ ग्रॅम भरली. वाटी थेट डब्यात खुपसून भरली आणि सपाट केली, तेव्हा ८८ ग्रॅम. ओट्यावर चारदा ठोकून, बसलेल्या जागेत आणखी भरली, तेव्हा १०३ ग्रॅम. वाटी तीच, पण कणीक जवळजवळ दीडपट झाली. पोळ्यांच्या कणकेत हा फरक हाताला कळतो आणि आपण पाणी कमीजास्त करून तो सावरतो. केकमध्ये किंवा शंकरपाळ्यांत तो सावरता येत नाही.

आपल्या भाषेत या भरण्यालाही नेमके शब्द आहेत आणि कृती लिहिताना ते वापरायला हवेत. काठाबरोबर सपाट केलेली ती सपाट वाटी आणि वर ढीग ठेवलेली ती शिगेची वाटी. जुन्या बायका धान्य शिगोशीग भरून मोजत असत. शीग किती उंच राहील हे जिन्नसावर ठरते. खवलेल्या नारळाची शीग उंच उभी राहते, साखरेची लगेच घसरते. त्यामुळे शिगेच्या वाटीचे वजन एका आकड्यात सांगता येत नाही. आजीच्या कृतीत 'शिगेच्या दोन वाट्या' असे असेल तर तशाच भरून तोलाव्यात आणि पुढे ग्रॅमच लिहून ठेवावेत.

माझा सल्ला असा की पिठे नेहमी चमच्याने भरून सपाट करावीत, दाणेदार जिन्नस म्हणजे रवा, साखर, तांदूळ, डाळी सरळ ओतून सपाट कराव्यात, आणि काहीही ठोकू नये. प्रत्येक जिन्नस तीनदा भरून, तीनदा तोलून मधला आकडा घ्यावा.

घरात काटा नसेल तरी हे काम अडत नाही. न फोडलेले अर्ध्या किलोचे पाकीट हाच आपला काटा समजावा. रव्याचे ५०० ग्रॅमचे पाकीट फोडून त्याच्या वाट्या मोजाव्यात. पावणेपाच वाट्या भरल्या, तर ५०० ला पावणेपाचने भागून एका वाटीत १०५ ग्रॅम, हा हिशेब हाती येतो. वाशी किंवा कोपरखैरण्याला खोली घेऊन राहणाऱ्या, दोनच भांड्यांवर संसार करणाऱ्या मुलामुलींना ही रीत फार उपयोगी पडते.

मिलिलिटरमागे किती ग्रॅम

वाटीचे माप आणि जिन्नसाचे वजन यांना जोडणारा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमागे किती ग्रॅम. हा आकडा एकदा कळला की वाटी कोणतीही असो, तिच्या मिलिलिटरना त्याने गुणावे की वजन मिळते, आणि वजनाला त्याने भागावे की मिलिलिटर मिळतात. सगळे गणित एवढेच आहे.

पातळ पदार्थांत हा आकडा स्थिर असतो, म्हणून ते आधी सांगते. पाणी १, दूध १.०३ आणि दहीही जवळपास तितकेच. म्हणजे दूध, दही आणि ताक यांचे ग्रॅम आणि मिलिलिटर घरच्या कामात सारखेच धरावेत. तेल ०.९१ आणि वितळलेले तूप ०.९० ते ०.९१. मध मात्र १.४, म्हणून मधाची वाटी पाण्याच्या वाटीपेक्षा बरीच जड लागते.

दाणेदार जिन्नसांत साखर ०.८५, तांदूळ ०.८ च्या आसपास, तूरडाळ आणि हरभराडाळ ०.८ ते ०.८५, रवा ०.७, साबुदाणा ०.६५. जाड आणि बारीक रव्यात थोडा फरक पडतोच. बारीक मीठ १.२, म्हणजे ते साखरेपेक्षा पुष्कळ जड असते. वर दिलेल्या रीतीने हलकेच भरलेला मैदा आणि कणीक ०.५ च्या आसपास, पिठीसाखरही ०.५, आणि तांदळाची पिठी ०.६ ते ०.६५. एक वाटी साखर आणि एक वाटी पिठीसाखर यांत किती अंतर आहे, ते येथे दिसते. माझ्या वाटीत साखर सुमारे १२८ ग्रॅम मावते आणि पिठीसाखर ७५. नानकटाईत पिठीसाखरेऐवजी तितक्याच वाट्या साखर दळून घातली तर गोडी तर वाढतेच, पण नानकटाई पसरतेही.

बेसन, पोहे, दाण्याचे कूट, चिरलेला गूळ आणि खवलेला नारळ यांचे आकडे मी मुद्दाम छातीठोकपणे देत नाही, कारण ते दळण्यावर, चिरण्यावर आणि ओलेपणावर फार बदलतात. हलका खवलेला ओला नारळ ०.३५ च्या आसपास येतो, पण तोच दाबून भरला की आकडा कुठल्या कुठे जातो. गूळ तर वाटीने मोजूच नये. किसलेला, चिरलेला आणि खड्यांचा गूळ एकाच वाटीत तीन वेगवेगळी वजने देतो. पुरणासाठी डाळ वाटीने आणि गूळ काट्याने घेण्याची सवय मी लावून घेतली, तेव्हापासून पुरण दर वेळी सारखे होते.

एक सूक्ष्म गोष्ट कृती वाचताना लक्षात ठेवावी. 'एक वाटी डाळ भिजवून वाटलेली' आणि 'भिजवून वाटलेली एक वाटी डाळ' हे दोन वेगळे जिन्नस आहेत. पहिल्यात कोरडी डाळ मोजायची आहे, दुसऱ्यात वाटण. गव्हाचेही तसेच. एक किलो गहू गिरणीत दिले तर पीठ वजनाने जवळपास एक किलोच येते, पण वाट्यांनी ते बरेच जास्त भरते. चकलीच्या भाजणीचे प्रमाण म्हणून नेहमी दळायच्या आधीचे, धान्याचेच लिहावे.

हिशेब करून पाहू

आमच्या घरचे पाकातले रव्याचे लाडू चार वाट्या रवा, तीन वाट्या साखर आणि एक वाटी ओला नारळ या प्रमाणाचे आहेत. दिवाळीला ते एक किलो रव्याचे करायचे ठरले. आता साखर किती? घाईत मनात येते ते असे की रव्याच्या पाऊणपट, म्हणजे ७५० ग्रॅम. हेच उत्तर चुकते.

आधी मूळ प्रमाण वजनात आणावे. माझी वाटी १५० मिलिलिटरची आहे. रवा चार वाट्या म्हणजे ६०० मिलिलिटर, त्याला ०.७ ने गुणून ४२० ग्रॅम. साखर तीन वाट्या म्हणजे ४५० मिलिलिटर, त्याला ०.८५ ने गुणून ३८२ ग्रॅम. नारळ १५० गुणिले ०.३५, म्हणजे ५२ ग्रॅम. आता ४२० ग्रॅमचे १००० ग्रॅम करायचे आहेत, तेव्हा १००० भागिले ४२०, म्हणजे २.३८ हा गुणक आला. त्याने साखरेला गुणले की ९१० ग्रॅम येतात आणि नारळाला गुणले की सुमारे १२५ ग्रॅम. घाईतल्या उत्तरापेक्षा साखर १६० ग्रॅम जास्त लागते. तेवढी कमी पडली असती तर लाडू अगोड झाले असतेच, शिवाय पाक कमी पडून ते वळलेही नसते.

परदेशी केकची कृती आली तरी रीत हीच. अडीच कप मैदा म्हणजे अडीच गुणिले २४०, म्हणजे ६०० मिलिलिटर, ०.५२ ने गुणून ३१२ ग्रॅम. एक कप लोणी म्हणजे २२७ ग्रॅम, आणि हे गोठलेले लोणी कपात कोंबून मोजण्यापेक्षा वडीवरून सरळ तोलून कापणे सोपे पडते. अशा कृतींत मैद्याचा आकडा मी ०.५ ऐवजी ०.५२ धरते, कारण तिकडच्या बहुतेक कृतींत एक कप मैदा १२० ते १२५ ग्रॅम धरलेला असतो.

चमचे

मापाचा मोठा चमचा १५ मिलिलिटरचा आणि छोटा ५ मिलिलिटरचा. ऑस्ट्रेलियातल्या कृतीत मात्र मोठा चमचा २० मिलिलिटरचा असतो. घरातला पोहे खाण्याचा चमचा यांपैकी कशातच बसत नाही. त्याने दहा चमचे पाणी तोलून दहाने भागावे आणि त्याचे माप ठरवावे. छोट्या सपाट चमच्यात बारीक मीठ ६ ग्रॅम, हळद ३ ग्रॅम आणि खाण्याचा सोडा साडेचार ग्रॅमच्या आसपास मावतो. खडे मीठ त्याच चमच्यात कमी मावते, म्हणून लोणच्याचे मीठ चमच्याने किंवा वाटीने न घेता फोडींच्या वजनावर, तोलूनच घ्यावे.

किलोचा डबा की लिटरचा

हेच गणित बाजारातही उपयोगी पडते. जांभळी नाक्यावर किंवा वाशीच्या बाजार समितीच्या आवारात तेलाचा डबा घेताना तो १५ किलोचा आहे की १५ लिटरचा, हे विचारावे. १५ लिटर तेलाचे वजन साडेतेरा किलोच्या थोडे वर भरते आणि १५ किलो तेल साडेसोळा लिटरच्या जवळ जाते. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर दिसायला सारखे, पण दोहोंत दीड लिटर तेलाचे अंतर. किमतीची तुलना करताना किलोच्या भावाला ०.९१ ने गुणावे की लिटरचा भाव येतो; १५० रुपये किलोचे तेल म्हणजे सुमारे १३६ रुपये लिटर. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर ९१० ग्रॅम आणि तुपाच्या बरणीवर ९०५ ग्रॅम असे छापलेले असते, तेही यामुळेच.

जुन्या वहीतली मापे

आजीच्या वहीत 'पावशेर तूप', 'मापटेभर तांदूळ' असे सापडले तर आधी हे पाहावे की शेर कोणता. कारण आपल्याकडे वजनाचाही शेर होता आणि मापाचाही. वजनी शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे ९३३ ग्रॅम; त्याचा पावशेर २३३ ग्रॅम, अदपाव ११७ आणि छटाक ५८. मापी शेर धान्याचा. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर आणि चार शेरांची पायली. हे मापी शेर गावोगावी लहानमोठे असत, म्हणून त्यांना एकच आकडा लावता येत नाही. घरात जुने मापटे शिल्लक असेल तर तेच पाण्याने भरून तोलावे. १९५६ च्या कायद्यानंतर, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आणि लिटर आले, पण शब्द मागे राहिले. आज भाजीवाला पावशेर मिरच्या देतो तेव्हा तो २५० ग्रॅम तोलतो. वही त्या काळाआधीची असेल तर पावशेराचे २३३ धरावेत, नंतरची असेल तर २५०.

तक्ता आणि पावसाळा

आपले आकडे एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवावेत. वर वाटीचे मिलिलिटर आणि खाली एकेका जिन्नसापुढे त्या वाटीतले ग्रॅम. याहून जास्त काही लिहू नये, कारण पिठाचे हात असताना लांबलचक तक्ता वाचता येत नाही. वाटी बदलली तर कागदही बदलावा.

ठाण्याला आणि खाडीपलीकडे नवी मुंबईत पावसाळ्यात हवा इतकी दमट असते की मिठाला पाणी सुटते आणि पिठे ओल धरून गोळ्या होतात. अशा पिठाची वाटी न चाळता भरली तर ती नेहमीपेक्षा वेगळी भरते, आणि त्याच्या वजनात थोडे पाणीही मोजले जाते. म्हणून जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात कणीक, मैदा, पिठी आणि मीठ एवढे चार जिन्नस फिरून तोलावेत, आणि पावसाळ्यात उकड किंवा कणीक भिजवताना दोन मोठे चमचे पाणी बाजूला ठेवून, हाताला लागेल तसे मागाहून घालावे.